कडुबाचे जोडलेले हात

आधीच सांगून टाकतो. माझ्या हॉलची तोडफोड झाली तेव्हा मी टेबलाखाली होतो. लॅपटॉप पोटाशी धरून, गुडघे हनुवटीला लावून. त्यामुळं पुढं जे लिहितोय त्यात मी कुठंतरी शूर निघेन अशी आशा कुणी ठेवू नये. शूर होता तो कडुबा. पण त्याचंही शौर्य वरून दिसतं तितकं सरळ नव्हतं, म्हणून तर लिहायला बसलो.

हॉलचं नाव 'ठसका'. सिडकोत, टायरच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. आधी तिथं माझेच अकरावी-बारावीचे क्लास चालायचे. पोरं ऑनलाइन गेली, बाकं उरली. ती विकून नव्वद खुर्च्या आणल्या, फळ्याच्या जागी प्लायवूडचा हातभर उंच मंच ठोकला, एक माईक, दोन दिवे, चार कूलर. शनिवारी-रविवारी संध्याकाळी सहाला स्टँडअप कॉमेडीचा शो. घरच्यांनी मला वेड्यात काढलं. या शहरातली माणसं चौकात उभी राहून फुकट हसतात, तिकीट काढून कोण हसायला येणार, असं त्यांचं म्हणणं. पण आली. कंपन्यांमधली पोरं आली, शिकाऊ डॉक्टर आले, बायकांना घेऊन वकील आले. हसली, आणि हसता हसता मारामाऱ्याही करायला लागली. तिसऱ्याच शोला एकानं पाण्याची भरलेली बाटली कॉमेडियनच्या तोंडावर फेकून मारली आणि त्याच्या नाकाचं हाड मोडलं. तेव्हा मला कळलं की दारावर माणूस पाहिजे.

कडुबा असा आला. पन्नाशीचा, सहा फूट, मान अशी नव्हतीच, डोकं सरळ खांद्यांवर बसवलेलं. मूळचा शेंद्र्याकडचा. जमीन एमआयडीसीत गेल्यावर थोडे दिवस एका कंपनीच्या गेटवर बसला, पण नुसतं बसायचं काम त्याला सोसेना. मी अनुभव विचारला तर त्यानं कागद काढला नाही, उजवा हात पुढं केला. दोन बोटं पुरती मिटत नव्हती. एक ऑर्केस्ट्रात मोडलं होतं. फर्माईश पुरी केली नाही म्हणून गाणाऱ्या बाईवर एकानं लोखंडी खुर्ची उगारली, ती यानं हातावर झेलली. दुसरं जत्रेत, तमाशाच्या तंबूची कनात फाडून आत घुसणाऱ्यांना अडवताना. डाव्या कानाची पाळी एका बियरबारच्या दारात गेली. कुणी चावली म्हणून विचारलं तर म्हणाला, एका इंजिनियरनं.

समोरच्यांचं काय व्हायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांचं त्येनला ठावं, सर. म्या मागं वळून बघत नाय."

मी त्याला ठेवून घेतला. पहिल्याच दिवशी त्यानं माझी अक्कल काढली. हॉलचं दार जुन्या वर्गासारखं मंचाला लागूनच होतं, आणि मी त्याच्यासाठी स्टूल ठेवलं होतं ते मागं, शेवटच्या ओळीत. त्यानं स्टूल पायानं सरकवलं आणि दाराच्या चौकटीत जाऊन उभा राहिला, मंचाकडं पाठ करून, तोंड लोकांकडं. सात वर्षं तो तसाच उभा राहिला. मंचावर कोण बोलतंय ते त्यानं कधी वळून पाहिलं नाही. विनोद त्याच्या पाठीवर आपटायचे आणि खाली पडायचे. त्याचं लक्ष फक्त तोंडांवर. हसणारा माणूस मारत नसतो, असं तो मला समजावून सांगायचा. हसता हसता जो एकदम थांबतो आणि ज्याची बायको शेजारी हसतच राहते, तो मारतो. असा दिसला की कडुबा वाकून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, बाहेर चला साहेब, गार पाणी हाय. बाहेर पाणी नव्हतंच. बाहेर जिना होता.

जिन्यात काय व्हायचं ते मी बहुतेक वेळा फक्त ऐकलं. एकदा पाहिलं. तीन पोरं होती, दारू पिऊन आलेली, त्यातल्या एकाच्या मुठीत पितळी फायटर. त्यानं तो कडुबाच्या बरगडीत घातला. मला आवाज आला, ओलं लाकूड फोडल्यासारखा. कडुबानं हूं की चूं केलं नाही. त्या पोराला कानाला धरलं आणि त्याचं कपाळ कठड्याच्या पाईपवर आपटलं, एकदा, दोनदा, तीनदा, पाईप खालपर्यंत घणघणत राहिला. उरलेले दोघं पळाले. मग त्यानं त्या पोराला पायरीवर बसवलं, त्याच्याच रुमालानं त्याचं रक्त पुसलं आणि रिक्षात घातलं. दोन बरगड्या मोडलेल्या असताना पुढचा तासभर तो दारात उभा होता. सोमवारी झाडायला येणारी बाई पायऱ्यांवरचे डाग बघून विचारायची, पान का रगत? मी पान म्हणायचो. मला त्याचा धाक वाटायचा, आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटायची. असा माणूस आपल्या दारावर असला की आपली छाती उगाच पुढं येते.

त्याचा एक नियम मात्र मारामारीपेक्षा जास्त उपयोगाचा होता. आत येणाऱ्यानं मोबाईल दारात द्यायचा. पोरं नवे विनोद करून बघत असतात, चुकतात, सावरतात. त्यातला एक तुकडा कुणी कापून बाहेर सोडला की मागचं पुढचं सगळं जातं आणि नुसती शिवी उरते. म्हणून कडुबाच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, जुन्या नऊवारीच्या नव्वद पिशव्या शिवून दिल्या, प्रत्येकीवर आकडा. मोबाईल पिशवीत, पिशवी खुंटीला. कुणालाही सूट नाही. साध्या कपड्यातला एक फौजदार एकदा अडून बसला. कडुबा त्याला म्हणाला, पिस्तूल ऱ्हाऊ द्या साहेब, मोबाईल द्या. फौजदार हसला आणि त्यानं दिला.

घरी कडुबाला वच्छलाबाई आणि एकुलती एक लेक, तनुजा. अडीच वर्षांपूर्वी तिला वेरूळ रस्त्यावरच्या एका गावात दिली. जावई कृष्णा पर्यटकांची गाडी चालवायचा, आणि गाडी नसेल तेव्हा तात्यासाहेबांच्या पोरांत असायचा. तात्यासाहेब म्हणजे तिकडच्या आठ-दहा गावांत ज्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे ते. लग्नाच्या पहिल्याच वर्षी, दसऱ्याला, तनुजा ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद झालेला, अशी माहेरी आली. हे मला कडुबानंच सांगितलं, एका दुपारी खुर्च्या लावताना. मारलं असं आईकलं, म्हणाला. मी म्हणालो, मग तू काय केलंस? मला वाटलं होतं, आता तो जावयाच्या हाडांचा हिशेब सांगेल. तर बारा दिवस तिला ठेवून घेतली, म्हणाला, आणि तेराव्या दिवशी परत नेऊन घातली. जावयापुढं हात जोडले, पाय धरले, पोरीचं चुकलं असंल तर पोटात घाला म्हणालो.

माझं डोकं फिरलं. मी त्याला वाटेल ते बोललो. दारूड्यांची टाळकी पाईपवर आपटणारा तू, आणि तू हात जोडलेस? त्यानं खुर्ची खाली ठेवली. "तिथं म्या लेकीचा बाप असतो, सर. दारावरचा मानूस नसतो."

एवढं करूनही कृष्णाचा राग गेला नव्हता. त्यानंतर त्यानं सासुरवाडीचा उंबरा चढायचं सोडलं. दिवाळी गेली, संक्रांत गेली. तनुजाला यायचं असेल तर तिनं कायमचं यावं, असा त्याचा निरोप. वच्छलाबाई फोन वाजला की दचकायची. सगळं घर एकाच धास्तीवर चाललं होतं, की पोरगी एक दिवस पेटी घेऊन दारात उभी राहील. कडुबाला दुसरं काही नको होतं. लेकीनं नांदावं, एवढंच.

मग या उन्हाळ्यात अधिक महिना आला, आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो. लेक-जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाचे पाय धुवायचे, कपडे करायचे, तेहतीस अनारसे द्यायचे. लग्नानंतरचा हा पहिलाच धोंडा. कुणाकुणाला मध्ये घालून कडुबानं निरोप धाडला, आणि कृष्णा यायला कबूल झाला. त्या आठवड्यात कडुबा मला पहिल्यांदा गुणगुणताना ऐकू आला. रविवारी दुपारी जेवण झालं. संध्याकाळी जावई म्हणाला, मामा, तुमचं ते हसायचं दुकान दाखवा की.

तसे ते दोघं सहाला आले. कृष्णाच्या अंगावर नवा शर्ट, घडीच्या रेघा न मोडलेल्या, कपाळावर गंध. तनुजा आईजवळ घरीच राहिली होती. कडुबानं जावयाला पहिल्या ओळीत कोपऱ्यावरची खुर्ची दिली आणि एका कूलरचं तोंड त्याच्याकडं फिरवलं. मी तिकिटांच्या टेबलावरून पाहिलं, कृष्णाच्या हातात मोबाईल तसाच. मी कडुबाला बाजूला घेऊन म्हणालो, पिशवी? त्याचा चेहरा कसनुसा झाला. "सकाळी म्या त्याचे पाय धुतले, सर. आता खिसे तपासू व्हय?"

मी म्हणालो, बरं राहू दे. ही माझी चूक. पुढं सगळे कडुबाला बोलले, पण मालक मी होतो आणि राहू दे मी म्हणालो होतो.

त्या दिवशी मंचावर संस्कृती होती. चोवीस वर्षांची, फर्दापूरची. वडील लेण्यांच्या पायथ्याशी पर्यटकांना दगडांच्या माळा विकतात, ही इथं विम्याच्या ऑफिसात काम करते. माझ्याकडची सगळ्यात तयार पोरगी. ती चौकातल्या बॅनरांवर बोलत होती. एकाच खांबावर वरती वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि खालती भावपूर्ण श्रद्धांजली, आणि दोन्हींखाली फोटो त्याच चाळीस जणांचे, तेच गॉगल, तोच मोबाईल कानाला. आपण मेलो की हे खूश झालेत का दुःखी, हे आपल्याला वरूनसुद्धा कळायचं नाही, असं ती म्हणाली. हॉल हसून लोळला. तिनं कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण तात्यासाहेब जाऊन तेव्हा तीनच आठवडे झाले होते आणि वेरूळ रस्त्यावरचे खांब त्यांच्याच फोटोंनी भरले होते. ते तिच्या ध्यानात नव्हतं आणि माझ्याही नव्हतं.

कृष्णा हसला नाही. मांडीवरचा मोबाईल त्यानं थोडा उभा केला. हॉलमधल्या प्रत्येक तोंडावर नजर ठेवणाऱ्या कडुबाला हे कसं दिसलं नाही? मी त्याला नंतर विचारलं. तो म्हणाला, सासऱ्यानं जावयाच्या तोंडाकडं टक लावून बघू नये. तेवढी एक खुर्ची सोडून तो बाकी सगळीकडं बघत होता.

मंगळवारी एकोणीस सेकंदांचा तुकडा फिरायला लागला. त्यात फक्त श्रद्धांजली, मेलो की खूश आणि हॉलचं हसणं. वरती लिहिलेलं, तात्यासाहेबांच्या मरणावर हसणारी ही बाई ओळखा. दुपारपर्यंत ओळखलं. संस्कृतीच्या मोबाईलवर जे आलं ते मी इथं लिहिणार नाही. तिच्या वडिलांच्या टपरीपुढं फर्दापूरला दोघं जण नुसते तासभर उभे राहून गेले. तो तुकडा मी कडुबाला दाखवला. कडेला कूलरचा कोपरा दिसत होता, तोच, त्यानं स्वतः फिरवलेला. त्यानं दोनदा पाहिला आणि मोबाईल मला परत दिला. पाव्हण्यानंच केलं, म्हणाला. जावयाला विचारतोस का, असं म्हटलं तर नाही म्हणून मान हलवली. वच्छलाबाईनं त्याला धोंड्याच्या आधीच शपथ घातली होती. एक शब्द बोलाल तर पोरगी उद्या दारात.

मी रविवारचा शो बंद ठेवायला हवा होता. पोलिसांत आधी अर्ज द्यायला हवा होता. मला वाटलं, शुक्रवारपासून फोन थांबलेत, प्रकरण निवळलं. संस्कृती म्हणाली, एकदा दार लावलं तर परत उघडायची हिंमत होणार नाही. वाक्य चांगलं होतं. मला चांगली वाक्यं फार आवडतात, आणि त्यापायी मी पूर्वीही आपटलो आहे.

रविवारी चाळीसेक माणसं होती. सहा वीसला खाली गाड्या थांबल्या. वीस-पंचवीस पोरं, हातात दांडके, एकाकडं टायरच्या दुकानातूनच उचललेली टॉमी, म्हणजे चाक काढायची लोखंडी सळई. संस्कृती मंचावर होती. कडुबा सात वर्षांत पहिल्यांदा वळला, तिच्याकडं बघून म्हणाला, बाई, मागं सरका. मग चौकटीत आडवा उभा राहिला.

पहिला वर आला त्याच्या छातीत त्यानं सरळ लाथ घातली. तो मागच्या दोघांना घेऊन सात पायऱ्या खाली गेला. दुसऱ्याचा दांडका त्यानं डाव्या हातावर घेतला आणि उजव्यानं त्याच्या नाकावर ठोसा मारला. रक्त भिंतीवर उडालं, पोस्टरवर उडालं. टॉमीवाल्यानं त्याच्या गुडघ्यावर घाव घातला. कडुबा वाकला पण पडला नाही. टॉमी हिसकून त्यानं जिन्याखाली भिरकावली आणि त्या पोराचा हात कोपरात उलटा पिरगाळला. ते पोरगं आईच्या नावानं ओरडलं. जिना अरुंद होता, एका वेळी दोघंच वर येऊ शकत होती. मला वाटलं, हा एकटा सगळ्यांना परत धाडणार. पोलिसांना फोन लागला होता, दहा मिनिटं मिळाली असती तर पुरे होतं.

तेवढ्यात खालून पोरं बाजूला झाली आणि कृष्णा वर आला. हातात काही नव्हतं. सावकाश आला, आपल्याला कोण मारणार अशा चालीनं. कडुबाची मूठ वर होती, ती उघडली. दोन्ही हात जोडले गेले. "जावईबापू," तो म्हणाला, "इथं नका. पाया पडतो."

कृष्णा म्हणाला, "मामा, बाजूला व्हा. तुमच्या लेकीला नांदायचं हाय का नाय?"

आणि कडुबा बाजूला झाला.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तो भिंतीला टेकला, हात तसेच जोडलेले, आणि त्याच्या अंगावरून सगळी आत आली. मग मी टेबलाखाली गेलो. खुर्च्यांचे पाय मोडल्याचे आवाज आले, कूलर आडवे पडले, हॉलभर पाणी झालं. शिकाऊ डॉक्टरांतल्या एकाचं डोकं फोडलं, तो पाण्यातच बसला, पाणी लाल व्हायला लागलं. एक बाई पिशव्यांच्या खुंट्यांखाली लेकराला पोटाशी धरून किंचाळत होती. दिवे फोडले. संध्याकाळचा उजेड खिडकीतून येत होता तेवढाच.

टेबलाखालून मला मंच दिसत होता. कृष्णानं संस्कृतीचे केस मुठीत धरले आणि तिला गुडघ्यांवर आणलं. माफी माग म्हणाला. ती काहीतरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही. त्यानं माईक उचलून तिच्या तोंडावर मारला. माईक चालू होता. तो आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला. तिचा खालचा ओठ फाटून हनुवटीवर लोंबला.

कडुबा भिंतीपासून सुटला. धावला नाही, लंगडत चालत गेला, कारण गुडघा गेलेलाच होता. त्यानं कृष्णाचं मनगट धरलं, केस सुटेपर्यंत दाबलं, आणि मग ते मोडलं. मोडताना तो कृष्णाच्या तोंडाकडं बघत होता, अगदी टक लावून. मग जबड्यावर मारलं. कृष्णा पडला तर त्याला नव्या शर्टाच्या कॉलरला धरून उठवलं आणि परत मारलं. दोन दात प्लायवूडवर पडले. कडुबा मारताना कधी बोलत नसे, त्या दिवशीही बोलला नाही. पण तो रडत होता, मोठ्यानं, लहान लेकरासारखा, आणि मारत होता. तोडफोडीला आलेली पोरं थबकली. खुर्च्या मोडायला ती तयार होऊन आली होती, माणूस मरताना बघायला नव्हती. एकेक करून जिना उतरली. कृष्णाला कुणी सोडवलं असेल तर ते संस्कृतीनं. ओठ हातानं धरून ती दोघांच्या मध्ये घुसली आणि कडुबाच्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली. तेव्हा तो थांबला.

दोन्हीकडून गुन्हे दाखल झाले. संस्कृतीला नऊ टाके पडले. कडुबा दुसऱ्या दिवशी जामिनावर सुटला आणि घरी जाऊन अंथरुणाला लागला. मार लागला म्हणून नव्हे. धोंड्याच्या महिन्यात, ज्याचे पाय धुतले त्याला मारलं, हे त्याला खात होतं. चार दिवसांनी कृष्णाचा चुलता मध्यस्थी घेऊन आला. कडुबानं दवाखान्यात येऊन सगळ्यांसमोर जावयाचे पाय धरावेत. कृष्णा जिन्यावरून पडला असं ते सांगतील. संस्कृतीनं तक्रार मागं घ्यावी, तिला कडुबानंच समजवावं. म्हणजे तनुजाचं नांदणं तसंच राहील. कडुबा हो म्हणाला.

मला म्हणाला, सर, गाडीतून सोडता का, गुडघा वाकत नाय. मी पुन्हा शिव्या घातल्या. नऊ टाके पडलेल्या पोरीला तू काय तोंडानं सांगणार, असं विचारलं. तो म्हणाला, "तुम्हाला पोरगी नाय, सर." मी गाडी काढली. निघताना वच्छलाबाईनं त्याच्या हातात अनारशांचा डबा दिला, पाव्हण्यासाठी. जबडा तारांनी बांधलेल्या माणसाला अनारसे.

खासगी दवाखाना होता. खोलीत चुलता, कृष्णाची आई आणि गावाकडचे दोघं-तिघं. कृष्णा खाटेवर, हाताला प्लास्टर, तोंड सुजलेलं. तनुजा त्याला नळीनं ताक पाजत होती. मी तिला पहिल्यांदाच नीट पाहिलं. बापाचाच बांधा, बापाचेच खांदे. तिनं आमच्याकडं पाहिलं आणि पाजत राहिली.

कडुबानं डबा खाली ठेवला, हात जोडले आणि दुखऱ्या गुडघ्यावर वाकायला लागला. पायाला हात लागायच्या आधी तनुजा बोलली.

"अप्पा, उठा." आवाज चढवला नव्हता. "त्या पोरीचा ओठ फाटला तवा तुमचा हात उठला. माझा फाटला तवा जोडला व्हता. आता परत जोडू नका."

सासू तिच्यावर ओरडली. चुलता म्हणाला, बाईमाणसानं मध्ये बोलू नये. तनुजानं ताकाचा पेला टेबलावर ठेवला, नळी काढून धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि खोलीबाहेर गेली. कडुबा अर्धा वाकलेला तसाच राहिला. मग खाटेची कड धरून उभा राहिला आणि तिच्या मागं निघाला. डबा तिथंच राहिला.

ती माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसली होती. मी विचारलं, घरी न्यायचं का? नाय म्हणाली, ठाण्यात चला. कडुबा पुढं बसला.

ठाण्यात टेबलामागं एक फौजदार मॅडम होत्या. त्यांनी तनुजाला बसवलं, पाणी दिलं, आणि काय झालं ते लिहून घ्यायला लागल्या. तनुजानं दीड वर्षापूर्वीच्या दसऱ्यापासून सांगितलं. कशानं मारलं, कुठं मारलं, किती दिवस डोळा उघडला नाही. मॅडमनी विचारलं, मारताना कुणी पाहिलं का? तनुजानं टेबलावरच्या कागदाकडं नजर लावली. मला वाटलं, संपलं. घरातली मारहाण, कोण बघणार आणि बघितलं तरी कोण सांगणार.

"म्या पाह्यलं," कडुबा म्हणाला.

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. मला त्यानं आईकलं म्हणून सांगितलं होतं. तो बाकड्यावरून उठला होता, भिंतीला धरून.

"दसऱ्याला तिला आणायला गेलो व्हतो. माझ्यासमोर मारलं. म्या चौकटीत उभा व्हतो, इथून त्या कपाटाएवढ्या अंतरावर."

मॅडमनी लिहायचं थांबवून त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. खांदे, हात, तुटका कान. मग विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"काय नाय," कडुबा म्हणाला. "ते बी लिव्हा."